सरांचा ब्रॉन्झचा अर्धपुतळा करून घेतला, त्याचा अनुभव (साडेतीन स्टार)

पहिलेच सांगून ठेवतो, वर्कशॉपचं नाव लिहिणार नाही आणि ग्रॅनाइटवाल्याचं तर नाहीच, कारण एकाकडे अजून काम अडकलंय आणि दुसऱ्याशी बोलणं बंद आहे. पण आपल्याकडे धुळे-जळगाव-नंदुरबारात आजकाल माजी विद्यार्थ्यांच्या कुठल्याही ग्रुपवर कोणीतरी "सरांचा पुतळा करू या रे" टाकतंच, मग शंभर अंगठे येतात, आणि वर्गणीचा आकडा टाकला की ग्रुप एकदम चिडीचूप. त्यातून जे कोणी खरंच पुढे जातील त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितोय.

आमचं कॉलेज तालुक्याचं, अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं. सर मराठीचे, पुढे प्राचार्य झाले. तेव्हा आपली सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, मार्कशीटवर नावात एक वेलांटी चुकली तरी रात्रीची एसटी धरून पुणं गाठावं लागायचं, आणि पोरांकडे भाड्याला पैसे नसायचे म्हणून सर स्वतः दहा-बारा जणांची कागदं कापडी पिशवीत घालून जायचे. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं (बहिणाबाईंचं नाव त्याला लागलं ते २०१८ मध्ये) तेव्हा सरांनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं होतं, म्हणाले आता माझी पिशवी सुटली. पेपर तपासताना मात्र माणूस कडक, रफार सुटला की लाल पेनाने गोल आणि अर्धा मार्क गेला. हा रफार लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तर पहिला घोळ फायबर की ब्रॉन्झ. कमिटीतले निम्मे लोक फायबरवर अडून बसले, स्वस्त पडतं आणि लवकर होतं म्हणून. फायबर म्हणजे रेझिनमध्ये काचेचं कापड, त्यावर ब्रॉन्झसारखा रंग. सावलीत, हॉलमध्ये वगैरे ठेवणार असाल तर चालेल, पण आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री उन्हात उघड्यावर उभा करणार असाल तर तो रंग उडतो आणि चेहरा चट्ट्यापट्ट्याचा दिसतो, एका शाळेत बघून आलो आम्ही, वाईट वाटलं. ब्रॉन्झचं कोटेशन वजनावर येतं आणि धातू कुठला ते लिहून घ्या. आमच्या कोटेशनवर ८५-५-५-५ होतं, म्हणजे तांबं ८५ टक्के, बाकी कथील, शिसं, जस्त पाच-पाच. ढलाईवाले त्याला गनमेटल म्हणतात. हे लिहून नाही घेतलं तर पितळ मिळेल आणि तुम्हाला कळणार पण नाही, वरून सगळं काळपट तपकिरीच असतं.

परवानगीचं थोडक्यात. पुतळा म्हटला की २०१७ चा शासन निर्णय आला, जिल्हाधिकारी आले, आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता आली. मालवणला ऑगस्ट २०२४ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला त्यानंतर तर आतला सांगाडा कशाचा, नटबोल्ट कशाचे, हे सगळे विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. फाइल फिरवायला एक रिटायर्ड माणूस धरा, त्याला वेळ असतो आणि साहेब लोकांना नमस्कार करायची सवय असते.

आता खरी गोष्ट, मातीचं मॉडेल. इथे मी वर्कशॉपला पैकीच्या पैकी देतो.

झालं काय की सरांचे फोटो दोनच. एक ओळखपत्राचा, एक निरोप समारंभातला, त्यात शाल, श्रीफळ आणि हनुवटीपर्यंत हार. शिल्पकार म्हणाला बाजूचा फोटो द्या, कान आणि मानेची मागची बाजू मला कोणत्याच फोटोत दिसत नाहीये. कोणाकडे असणार? त्या काळात कॅमेरा बघितला की माणूस सरळ बघून श्वास धरायचा. मग त्याने अंदाजाने केलं आणि आम्हाला बोलावलं. आम्ही कमिटीचे पाच जण, काकू (म्हणजे सरांच्या मिसेस), आणि गाडीत जागा होती म्हणून नानाला पण घेतलं. नाना म्हणजे सरांच्या केबिनबाहेर स्टुलावर आख्खी नोकरी काढलेला शिपाई, आता पंच्याहत्तरच्या पुढे.

ओलं फडकं काढलं. सूट, टाय, छाती पुढे, नजर समोर. कमिटी खूश, अध्यक्ष म्हणाले वा वा, एकदम पर्सनॅलिटी आली. मला पण बरा वाटला खरं सांगायचं तर, जरा पंचायत समितीच्या सभापतीसारखा दिसत होता पण म्हटलं ठीक आहे. नाना काहीच बोलेना. एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हाऊ आपला सर नही शे, भाऊ."

शिल्पकाराने ऐकलं आणि आमच्या सगळ्यांच्या मधून वाट काढून सरळ नानाकडे गेला, म्हणाला नाना तुम्ही सांगा. नाना म्हणाला सरांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून कोणी बोलायला लागलं की मान थोडी डावीकडे फिरवून उजवा कान पुढे करायचे, आणि खाली बघायचे, तोंडाकडे नाही. हे आम्ही तीन-तीन वर्षं रोज बघितलंय आणि आमच्यातल्या एकाला पण आठवलं नव्हतं! काकू म्हणाल्या हो, घरात पण तसंच. मग त्या माणसाने काय केलं, एक तार घेतली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, आपण साबण कापतो तशी मानेतून आरपार ओढली, दोन पोरांनी डोकं धरलं आणि हळूच फिरवलं, अगदी दोन बोटं. फटीत मातीचा गोळा दाबला, अंगठ्याने सारवलं. आत अॅल्युमिनियमची जाड तार होती म्हणून जमलं म्हणे, लोखंडी पाइप असता तर डोकं परत करावं लागलं असतं. दोन बोटांचा फरक, पण काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघायला लागलो.

त्यानंतर सूट पण गेला. अध्यक्षांचं म्हणणं प्राचार्य आहेत, सूट पाहिजेच, गावात काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "ह्यांनी लग्नात टाय लावला नाही, आता कशाला?" झालं, बुशशर्ट आला आणि खिशाला दोन पेनं आली. या बदलांचे जास्तीचे पैसे लावले नाहीत, माती आहे तोवर कितीही बदला म्हणाला. म्हणून माझं सांगणं एवढंच, मॉडेल बघायला कमिटी कमी न्या आणि रोज ज्यांनी बघितलंय ती माणसं न्या, शिपाई, कँटीनवाला, घरचे. पुढारी फोटो काढायला उद्घाटनाला येतातच.

आता स्टार कुठे कापले ते. मातीनंतर साचा, साच्यातून मेणाचा पुतळा, मेणाभोवती परत साचा, तो भट्टीत भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी पद्धत आहे. पुतळा आतून पोकळ असतो, जाडी पाच-सहा मिलिमीटर. आम्ही हजारदा सांगितलं होतं की मेणाचा झाला की बोलवा. नाही बोलावलं, सरळ ओतून मोकळे. बघायला गेलो तर हनुवटीवरचा तीळ गायब! ढलाईनंतर दाणे-खाचा घासतात, त्या पोराला सरांचा तीळ म्हणजे ढलाईचा दाणा वाटला आणि त्याने ग्राइंडरने उडवला. मग वेल्डिंगचा ठिपका देऊन परत तीळ केला, पण मुगाएवढा होता तो आता वाटाण्याएवढा झालाय. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी बघितलं ते मी बघितलं.

वेळेचं पण तसंच. चार महिने सांगून नऊ घेतले. मध्ये गणपती, मग पितृपक्ष, मग कुठल्या तरी नेत्याचा मोठा पुतळा निवडणुकीआधी द्यायचा होता म्हणून आमचे सर दीड महिना गोणपाटाखाली. चष्मा वेगळा ओतून नाकावर आणि कानाशी जोडतात, काचा नसतात, नुसती फ्रेम. ती जोडणी नाजूक असते, पहिल्या पावसाळ्यातच एक दांडी थोडी बाहेर आली. चष्मेवाले सर असतील तर हे आधीच बोलून घ्या.

आणायचं काम मस्त झालं. पिकअपमध्ये खाली गाद्या, वर गोधड्या, दोरखंड, आणि शेजारी नाना. वाटेत शेवभाजी खायला थांबलो तर नाना उतरेना, सरांना एकटं कसं सोडू म्हणे, शेवटी त्याचं ताट गाडीत दिलं.

आता ग्रॅनाइट. हा वेगळा दुकानदार, आपल्या इकडचाच. मजकूर आम्ही मोबाइलवर पाठवला, त्याच्या कॉम्प्युटरवर फाँट बदलला, आणि दगडावर कोरून आलं "प्राचाय". रफार गेला!! ज्या माणसाने आयुष्यभर रफाराचे अर्धे मार्क कापले त्याच्याच नावाखाली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, नवीन दगड आणायला वेळ नाही, मग त्याने छिन्नीने वरून रफार कोरून दिला, तो य च्या डोक्यावर जरा तिरका बसलाय, वाऱ्याने टोपी सरकल्यासारखा. वर पैसे पूर्ण मागितले. मी अर्धा मार्क कापून दिले, म्हणून बोलणं बंद. मजकूर कागदावर छापून द्या आणि दगडावर कोरायच्या आधी पेन्सिलीने लिहिलेलं स्वतः वाचा, एवढंच सांगतो.

चौथऱ्यावरून पण भांडण झालं होतं. संस्थेला सहा फूट पाहिजे होता. शिल्पकार म्हणाला सहा फुटावर ठेवला तर पोरांना हनुवटी आणि नाकपुड्या दिसतील, साडेतीन ठेवा. ऐकलं ते बरं झालं. कारण आता झालंय असं की परीक्षेच्या दिवसात पोरं येतात आणि सरांच्या त्या पुढे केलेल्या उजव्या कानात हळूच काहीतरी सांगून जातात. बॅकलॉग, केटी, काय असेल ते. वर्ष नाही झालं तर कानाची पाळी पिवळी चमकायला लागलीय. वरचा काळपट रंग म्हणजे केमिकल आणि आचेने आणलेला पातळ थर असतो, हात लागून लागून तो जातो आणि खालचा धातू उघडा पडतो. भाच्याला फोटो पाठवला, तो अमेरिकेत असतो, तर त्याने येल विद्यापीठातला पुतळा दाखवला, थिओडोर वूल्झी, १८४६ ते १८७१ तिथले प्रेसिडेंट, त्यांच्या बुटाचं टोक पोरांनी नशीब उघडावं म्हणून घासून घासून सोन्यासारखं केलंय. म्हणजे पोरं तिकडची असो की तापीकाठची, अभ्यास न करता पास व्हायचा रस्ता एकच.

संस्थेचं म्हणणं आता पुतळ्याभोवती ग्रिल लावा. वर्कशॉपवाला म्हणतो कान परत काळा करून देतो, चार्ज वेगळा. मी दोन्हीला विरोध केलाय. वर्षातून दोनदा साध्या पाण्याने धुवायचं, वाळलं की मेण लावून मऊ फडक्याने पुसायचं, ते नाना करतो, कोणी सांगितलेलं नाही. चष्म्याची दांडी जोडायला त्यांचा माणूस "येत्या सोमवारी" येणार आहे, हे मी पाच सोमवार ऐकतोय.