ॲडी जॉसचं टी-२०६ रीप्रिंट कार्ड: प्रिंट मस्त, सोबतची माहिती फारच अपुरी

अमेरिकेतल्या टोलेडोत राहायला आल्यापासून जुन्या काळचा बेसबॉल पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) ॲडी जॉस याचं वेड लागलंय, कारण त्याचं घर इथेच होतं आणि त्याची कबरही इथल्या वुडलॉन स्मशानभूमीत आहे. म्हणून टी-२०६, म्हणजे १९०९-११ मध्ये सिगारेटच्या पाकिटात येणाऱ्या बेसबॉल कार्डांच्या सेटमधल्या त्याच्या कार्डाचं रीप्रिंट ऑनलाइन मागवलं, ओरिजिनल काही आपल्याला परवडणारं नाही.

कार्ड खरंच छान आलंय. साइज जुन्यासारखाच, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पांढरी बॉर्डर, रंग अजिबात भडक नाहीत, चेहरा एकदम शांत. पॅकिंग पण चांगलं होतं, कोपरे दुमडले नाहीत.

पण सोबत जी माहितीची चिठ्ठी येते ना, तिने फार वाईट वाटलं. १६० विजय, ९७ पराभव, ईआरए (पिचरने दर ९ इनिंगमागे सरासरी दिलेल्या रन, जितक्या कमी तितकं चांगलं) १.८९, संपलं! अहो, हा माणूस फक्त ९ सीझन खेळला, १९०२ ते १९१०, सगळे क्लीव्हलँडकडून. २ ऑक्टोबर १९०८ ला पेनंटची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, रेस ऐन रंगात असताना शिकागोविरुद्ध पर्फेक्ट गेम टाकला, म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ परत गेले, एकही पहिल्या बेसवर पोचला नाही, आणि समोरचा पिचर एड वॉल्श याने त्याच दिवशी १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) केले तरी मॅच १-० ने जॉसचीच. हे नको का लिहायला?

१९१० मध्ये हाताच्या दुखण्याने सीझन अर्ध्यावर सुटला, पुढच्या एप्रिलमध्ये मेंदूज्वराने, टीबीचा होता तो, गेला. ३१ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. मागे बायको आणि दोन लहान मुलं. त्यांच्यासाठी जुलैमध्ये क्लीव्हलँडला बेनिफिट मॅच झाली, टाय कॉब, वॉल्टर जॉन्सन, साय यंग असे त्या काळचे मोठे खेळाडू सगळे आले आणि जवळपास १३,००० डॉलर जमले, त्या काळातले! हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी येतं.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमला (महान खेळाडूंच्या सन्मान-यादीला) १० सीझनची अट, याचे ९, म्हणून कित्येक वर्षं बाहेर राहिला, शेवटी अट शिथिल करून १९७८ ला घेतला. एवढं चार ओळीत सहज बसलं असतं.

कार्डाला ५ पैकी ५, चिठ्ठीला १. विक्रेत्याला मेसेज केलाय, मजकूर मी फुकट लिहून देतो म्हणून. याच सेटमधलं त्याचं दुसरं कार्ड, पिचिंगच्या पोझमधलं, स्टॉकमध्ये आलं की तेही घेणार आहे.