आमच्या टाऊनचं प्लॅनिंग बोर्ड: चौदा महिने मीटिंगला बसल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. पहिल्या मीटिंगनंतर लिहायला बसले असते तर एकच दिला असता, म्हणून मुद्दाम सगळं संपेपर्यंत थांबले.

न्यूयॉर्क राज्यातलं छोटं टाऊन आहे, नाव देत नाही. प्लॅनिंग बोर्ड म्हणजे जमिनीचे लॉट पाडून घरं बांधायचे असले अर्ज तपासून त्यांना मंजुरी द्यायची की नाही ते ठरवणारं टाऊनचं मंडळ. आमचं घर उताराच्या पायथ्याशी आणि मागे ३८ एकरांचं गवताचं शेत. ते शेत विकलं गेलं आणि एका डेव्हलपरने तिथे २२ घरांच्या सबडिव्हिजनचा, म्हणजे शेताचे लॉट पाडून घरं बांधायचा, अर्ज केला. जानेवारीत आमच्या घरी पत्र आलं की अमुक दिवशी संध्याकाळी सात वाजता टाऊन हॉलमध्ये या आणि काय म्हणायचंय ते मांडा. मला वाटलं आता कुठे सुरुवात होतेय, आपण जाऊ, बोलू, मग ते ठरवतील. जाऊन बघते तर समोर पूर्ण नकाशा तयार, रस्ता कुठून, लॉट कसे, पावसाचं पाणी अडवायचा तलाव कुठे, आणि तो तलाव नेमका आमच्या कुंपणाला लागून. स्केच प्लॅन, म्हणजे पहिला कच्चा आराखडा, आदल्या मे महिन्यातच बोर्डासमोर येऊन गेला होता! ती मीटिंग सगळ्यांना खुली होती, अजेंडा वेबसाइटवर होता, पण त्या टप्प्याला शेजाऱ्यांना पत्र पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे आमच्या रस्त्यावरचं एकही माणूस तिथे नव्हतं.

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि एक पूर्ण स्टार इथेच गेला. स्केच प्लॅन म्हणजे जेव्हा नकाशा अजून पेन्सिलीत असतो. त्या वेळी कोणी म्हटलं की बाबा रस्ता तिकडून घ्या, खालच्या बाजूला दरवर्षी पाणी साचतं, तर रेघ पुसून दुसरीकडे काढता येते. आठ महिन्यांनी सर्व्हे झालेला असतो, ड्रेनेजची गणितं झालेली असतात, डेव्हलपरचे बरेच पैसे खर्च झालेले असतात, मग तीच रेघ हलवायची तर प्रत्येक फुटासाठी भांडावं लागतं. त्यामुळे तुमच्या आसपास मोकळी जमीन असेल तर पत्राची वाट बघू नका, महिन्यातून एकदा बोर्डाचा अजेंडा उघडून बघा आणि स्केच प्लॅन असा शब्द दिसला की जा.

आता बोर्डाबद्दल. सात जण आहेत, निवडून आलेले नाहीत, टाऊन बोर्डाने, म्हणजे टाऊनच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, नेमलेले. राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा बोर्डात पाच किंवा सात माणसं असतात आणि प्रत्येकाला वर्षाला किमान ४ तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. म्हणजे ही आपल्यासारखीच माणसं, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येऊन बसणारी. अवघड तपासणी करतो तो टाऊनचा सल्लागार इंजिनिअर, आणि त्याची फी आमच्याकडे अर्जदाराने आधीच पैसे भरून ठेवलेल्या एस्क्रो खात्यातून जाते. सुरुवातीला हे ऐकून मी चिडले होते, म्हटलं डेव्हलपरच्या पैशावर काम करणारा माणूस काय तपासणार. पण पैसे अर्जदाराचे असले तरी त्याला नेमतो टाऊन आणि तो उत्तर देतो बोर्डाला, आणि तपासणीचा खर्च तुमच्या माझ्या टॅक्सवर पडत नाही. त्याची पत्रं वाचायला लागल्यावर माझं मत पूर्ण बदललं. तेवीस मुद्द्यांचं पहिलं पत्र होतं आणि त्यातला एकही मुद्दा उगाच काढलेला नव्हता.

पाण्याच्या बाबतीत तर मी या बोर्डाला सहा स्टार देईन. आमच्याकडे बर्फ वितळायला लागला की मागचं शेत अक्षरशः स्पंजासारखं होतं आणि बेसमेंटचा पंप दिवसरात्र चालू असतो. डेव्हलपरचा इंजिनिअर सांगत होता की घरं झाल्यावर शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोर आजच्यापेक्षा वाढणार नाही, सगळं गणितात बसतंय. गणित बसत होतंच, पण टेस्ट पिट, म्हणजे जमिनीत पाणी किती खोल आहे ते बघायला खणतात ते खड्डे, ऑगस्टमध्ये खणलेले होते. ऑगस्टमध्ये इथली जमीन कोरडी ठणठणीत! मीटिंगमध्ये बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, मी माझ्या तीन मिनिटांत फक्त एप्रिलमधले फोटो दाखवले, तारखेसकट, दुसरं काही बोलले नाही. तर बोर्डाच्या इंजिनिअरने खड्ड्यांच्या नोंदी काढून विचारलं की इथे दोन फुटांवर मातीत गंजासारखे डाग लिहिलेत, मग पाणी सहा फुटांखाली कसं धरलं? ते डाग म्हणजे माती वर्षातले काही महिने पाण्याखाली असते त्याची खूण, मातीची आठवणच म्हणा ना. पावसाच्या पाण्याच्या कामांसाठी राज्याचं मॅन्युअल आहे, त्याप्रमाणे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा करायचा तर त्याचा तळ आणि वर्षातली सगळ्यात वरची पाण्याची पातळी यात किमान ३ फूट अंतर लागतं, म्हणजे तो तलाव त्या जागी जिरवायच्या कामाचा नव्हताच. बोर्डाने सांगितलं एप्रिलमध्ये परत खणा, आमचा माणूस समोर उभा राहील. खणले. एका खड्ड्यात जेमतेम २० इंचांवर पाणी लागलं. मी तिथे कुंपणापलीकडे उभी होते आणि मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही, इतकी वर्षं आम्ही बोलत होतो ते कोणीतरी मोजून कागदावर लिहीत होतं.

त्यानंतर प्लॅन बदलला आणि खरंच चांगला बदलला. राज्याच्या टाऊन लॉच्या कलम २७८ मध्ये क्लस्टर म्हणून एक सोय आहे, घरं दूर दूर पसरवायच्या ऐवजी एका बाजूला जवळ आणायची आणि बाकी जमीन मोकळी ठेवायची. पण त्यात आकडा वाढवता येत नाही, साध्या पद्धतीने नियमांत बसवून जितके लॉट निघतात तितकेच क्लस्टरमध्ये. मग बोर्डाने आधी तो साधा प्लॅन प्रामाणिकपणे करायला लावला, तीव्र उतार आणि पाणथळ भाग वगळून, तर २२ चे १७ झाले. ते १७ वरच्या सपाट भागात गेले आणि खालचा जवळजवळ निम्मा भाग कायमचा मोकळा, तिथे बांधकाम करायचं नाही असं इझमेंट, म्हणजे जमिनीवरचं कायदेशीर बंधन, लिहून. तलाव आमच्या कुंपणापासून लांब सरकला. रस्ता जिथे मुख्य रस्त्याला मिळतो तिथेही एका मेंबरबाईंनी स्वतः गाडी उभी करून बघितलं आणि विचारलं की तुमचे फोटो हिवाळ्यातले आहेत, झुडपांना पानं आल्यावर काय दिसेल? ४५ मैलांच्या वेगाने येणाऱ्या गाडीला ब्रेक लावून थांबायला साधारण ३६० फूट लागतात, आणि उन्हाळ्यात तेवढं दिसतच नव्हतं. झुडपं काढायची आणि पुढेही कापत राहायची अशी अट घातली.

आता जिथे बहुतेक लोक चिडून बाहेर पडतात तो भाग. बोर्डाला नाही म्हणायचा अधिकार लोकांना वाटतो तितका नसतो. आमच्या मीटिंगला निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं एकच, आम्हाला इथे घरं नकोत, शेत छान दिसतं. दिसायचंच, मलाही ते शेत हवं होतं. पण झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं त्या टाऊनच्या नियमांत, तिथे घरांना परवानगी आहे, आणि नुसता शेजाऱ्यांचा विरोध आहे म्हणून नाकारलं तर कोर्टात ते टिकत नाही, आकडे आणि पुरावे लागतात. चेअरमन हे शांतपणे दर वेळी समजावत होते पण पहिल्या मीटिंगच्या सुरुवातीलाच पाच मिनिटं काढून सांगितलं असतं तर लोकांनी आपली तीन मिनिटं पाणी, रस्ता, विहिरी यावर वापरली असती. झोनिंग बदलायचं तर टाऊन बोर्डाकडे जावं लागतं, ते वेगळं बोर्ड, हे तर अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. १९७२ मध्ये याच राज्यातल्या रामापो टाऊनची एक गाजलेली केस झाली होती, तिथे गटारं, रस्ते, पार्क, फायरहाऊस या सोयी जवळ किती आहेत त्यावर पॉइंट ठेवले होते आणि पुरेसे पॉइंट होईपर्यंत सबडिव्हिजन थांबायचं, आणि वरच्या कोर्टाने ते मान्य केलं. पण तो टाऊनने आधी प्लॅन करून केलेला कायदा होता, ऐन सुनावणीत सुचलेली गोष्ट नव्हती.

तसंच कोणी म्हणत होतं फाईल दाबून ठेवा, कंटाळून जाईल तो. उलट होतं ते. पूर्ण अर्जावर हिअरिंग, म्हणजे लोकांसमोर सुनावणी, ६२ दिवसांत घ्यावं लागतं, हिअरिंग संपल्यावर निर्णय परत ६२ दिवसांत, आणि बोर्डाने मुदत चुकवली आणि बोर्ड आणि अर्जदार दोघांच्या संमतीने वाढवून घेतलेली नसली तर प्लॅन मंजूर झाला असंच धरलं जातं. म्हणून ते घड्याळाला इतके जपतात.

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. एका हिअरिंगला एक गृहस्थ उठले आणि या घरांत कसले लोक येतील यावर बोलायला लागले. बाहेरून येऊन इथे घर केलेली मी, माझा घसा कोरडा पडला. चेअरमननी दुसऱ्या वाक्याला थांबवलं, म्हणाले इथे आपण जमीन, पाणी आणि रस्ता तपासतो, माणसं तपासत नाही, पुढचा मुद्दा असेल तर बोला. त्या एका वाक्यासाठी मी या बोर्डाच्या बाकी बऱ्याच चुका माफ करते.

चुका आहेत. कागदपत्रं मीटिंगच्या किमान २४ तास आधी वेबसाइटवर हवीत असं राज्याचा ओपन मीटिंग्ज लॉ म्हणतो, जमेल तितकं. आमच्याकडे तीनशे पानांचा पावसाच्या पाण्याचा रिपोर्ट आदल्या दिवशी दुपारी अपलोड झाला. नियमात बसतं, पण नोकरी करणाऱ्या माणसाने तो वाचायचा कधी? मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं टिपण, दोन दोन महिने येत नाहीत. आणि भाषा! सप्टेंबरच्या मीटिंगला बोर्डाने निगेटिव्ह डिक्लरेशनचा ठराव पास केला आणि मागच्या रांगेत लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं अर्ज फेटाळला. राज्याच्या पर्यावरण तपासणीत, सीकर म्हणतात तिला, निगेटिव्ह म्हणजे मोठा दुष्परिणाम दिसत नाही, पुढे जायला हरकत नाही. पॉझिटिव्ह आलं तर मोठा पर्यावरण अहवाल करावा लागतो. टाळ्या ऐकून चेअरमननी नुसतं पुढचा आयटम म्हटलं. एक वाक्य सांगायला काय हरकत होती, माझ्या शेजारच्या आजी आनंदाने घरी फोन करत होत्या, त्यांना मीच पार्किंगमध्ये खरं सांगितलं आणि ते सांगताना मला फार वाईट वाटलं. अर्धा स्टार त्याचा कापलाय.

बाकी चांगलं म्हणजे जानेवारीची ती पहिली मीटिंग बोर्डाने स्वतःहून लवकर घेतली होती, कायद्याने लागणारं प्रिलिमिनरी प्लॅटचं, म्हणजे लॉटच्या प्राथमिक नकाशाचं, हिअरिंग नंतर ऑक्टोबरमध्ये परत झालं, म्हणजे आम्हाला दोनदा बोलायला मिळालं. काउंटीच्या प्लॅनिंग खात्याचा अभिप्राय, सेप्टिक आणि विहिरींसाठी हेल्थ डिपार्टमेंट, हे सगळं रीतसर झालं. डिसेंबरमध्ये अटींसकट प्रिलिमिनरी मंजुरी, मार्चमध्ये फायनल. सही झाल्यावर ६२ दिवसांत नकाशा काउंटी क्लर्ककडे नोंदवावा लागतो नाहीतर मंजुरी जाते, तोही नोंदवला. रस्ता आणि ड्रेनेज अर्धवट सोडून डेव्हलपर पळाला तर टाऊनला पूर्ण करता यावं म्हणून बॉंड, म्हणजे पैशांची हमी, घेतलाय, तो किती मोठा ठेवायचा यावर बोर्डाने अर्धा तास घातला आणि तो घालायलाच हवा होता.

आता काम सुरू झालंय. मागच्या आठवड्यात जोरात पाऊस झाला आणि गाळ अडवायला लावलेलं काळं कापड एका ठिकाणी आडवं झालं, गढूळ पाणी नाल्यात. मी सवयीने प्लॅनिंग बोर्डाच्या ऑफिसला फोन केला तर कळलं की सही झाली की अंमलबजावणी त्यांच्याकडे नसते, टाऊनच्या स्टॉर्मवॉटर ऑफिसरला सांगायचं. त्यांनी नंबर लगेच दिला, नीट बोलले, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून चिखलात उभा होता. पण तो नंबर मंजुरीच्या दिवशीच शेजाऱ्यांना का दिला नाही, एवढं मी त्यांना लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकेन.

आणि पुढच्या मंगळवारी अजेंड्यावर एक स्केच प्लॅन आहे, आमच्यापासून दोन मैलांवर, ओढ्याच्या कडेला. तिथल्या तीन घरांत मी स्वतः जाऊन सांगून आलेय.