थेरपीला सुट्टी: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरचा अनुभव

लेकाला ऑटिझम आहे. या सेंटरात त्याची बिहेवियर थेरपी (वागणं-बोलणं छोट्या टप्प्यांत, बक्षीस देत शिकवणं) चालते. शिकवतात छान, ते सगळेच सांगतील. मी सुट्टीबद्दल लिहितेय, कारण प्रवेश घेताना ते कुणी विचारत नाही.

उन्हाळ्यात पोरगं जिन्यातच बसकण मारायला लागलं. घरी टेबल मांडलं की कानावर हात. शाळा, स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), वर हे. मोठ्या माणसाचाही जीव विटेल. मी सुट्टी मागितली, पण धास्ती होतीच. आधीच्या एका ठिकाणी लोवास या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या अभ्यासातले आठवड्याचे ४० तास थेरपीचे आम्हाला येता-जाता ऐकवायचे. इथल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "कंटाळा इथं यायचा आलाय, की कामाचा?" मग कागदावर लिहून दिलं: टेबलवरचं काम, टोकन बोर्ड (टोकन जमवून बक्षीस मिळवायची पाटी), सगळं बंद. दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक आणि हवं ते चित्राचं कार्ड देऊन मागणं, एवढंच सोडायचं नाही. झोप बिघडली किंवा परत डोकं आपटायला लागला तर लगेच फोन करायचा.

संध्याकाळी आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायला लागलो, तिथं म्हशीचं दूध समोरच काढून ग्लासात देतात. सेंटरात 'थांब' शिकवलं ते टायमर लावून. इथं सगळं म्हशीच्या मर्जीवर. आधी त्यानं असा गोंधळ घातला की अख्खा कट्टा बघत राहिला. मग एकदा माझ्याकडं न बघता त्यानं पिशवीतलं कार्ड काढलं आणि थेट गवळीमामांच्या हातात दिलं. मामांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, हसले, आणि ग्लास भरला. सेंटरात हे कार्ड तो फक्त मॅडमनाच द्यायचा!

परत गेल्यावर लगेच जुना कार्यक्रम लादला नाही. सुरुवातीला नुसतं खेळू दिलं, आठवड्यातला एक वारही कमी केला.

खटकलं ते पैशांचं. सुट्टीत जागा राखायला अर्धी फी घेतली. पावती दिली, पण प्रवेशाच्या वेळी याचा एक शब्द नव्हता. निरामय या ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात १ लाखापर्यंतच्या कव्हरमध्ये थेरपीचाही खर्च येतो. ही फी मात्र आम्ही पदरची भरली. तुम्ही आधीच विचारा आणि लिहून घ्या. एक तारा त्यासाठी कापलाय, बाकी चार.

चौकशीला दुपारी जा. सकाळी मॅडम मुलांत असतात, फोन उचलत नाहीत. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे.