चॅरिटी नॅव्हिगेटर: साईट कामाची आहे, पण नुसते स्टार बघून पैसे देऊ नका

अमेरिकेतल्या संस्थेला डोनेशन द्यायचं म्हटलं की मी आधी चॅरिटी नॅव्हिगेटर या सेवाभावी संस्थांना रेटिंग देणाऱ्या साईटवर तिचं नाव टाकून बघते. फुकट आहे, आणि रेटिंग द्यायचे पैसे संस्थांकडून घेत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. १०० पैकी मार्क, ९० च्या वर गेलं की ४ स्टार. लोक इथेच थांबतात आणि कार्ड काढतात.

अहो, जरा खाली स्क्रोल करा ना, खरा माल तिथे आहे. सीईओचा पगार किती, प्रत्यक्ष कामावर किती गेले आणि पैसे गोळा करण्यातच किती उडाले, आयआरएसला, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याला, दरवर्षी हिशेबाचा भरलेला फॉर्म ९९० सुद्धा बघता येतो. आणि मुख्य म्हणजे ईआयएन, टॅक्स खात्याने त्या संस्थेला दिलेला नऊ आकडी नंबर. फसवणारे लोक नामांकित संस्थेच्या नावातला एखादाच शब्द फिरवतात, फंडच्या जागी फाउंडेशन वगैरे, घाईत कुणाच्या लक्षात येत नाही, पण नंबर जुळत नाही. फोन आला तर सरळ ईआयएन मागा आणि आयआरएसच्या साईटवर पण टाकून बघा. टाळाटाळ केली किंवा गिफ्ट कार्डनं द्या म्हणाले तर ठेवून द्या फोन.

रजिस्टर्ड आहे म्हणजे चोख आहे असंही नाही हं. २०१५ मध्ये एफटीसी (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकेची सरकारी संस्था) आणि सगळ्या ५० राज्यांनी कॅन्सर फंड ऑफ अमेरिका आणि तिच्याशी संबंधित ३ संस्थांवर केस केली, लोकांचे १८ कोटी ७० लाख डॉलर लाटल्याचा आरोप होता, आणि या सगळ्या कागदोपत्री रीतसर संस्था!

आता खटकणाऱ्या गोष्टी. आकडे जुने असतात, कारण फॉर्म ९९० वर्ष संपल्यावर भरतात. चर्चला तो भरावाच लागत नाही. कामाचा उपयोग किती होतो हे स्टारवरून नीट कळत नाही, त्यासाठी गिव्हवेल ही दुसरी साईट बरी, पण तिथे मोजक्याच संस्था. आणि भूकंप-पुरानंतर दोन दिवसांत उगवलेल्या संस्थांबद्दल इथे काहीच सापडणार नाही, त्या सगळ्या खोट्याच असतात असं नाही, पण अशा वेळी मी जुन्या संस्थेलाच देते, तेही मेसेजमधल्या लिंकवरून नाही, साईटचा पत्ता स्वतः टाईप करून.