‘हातचा क्यू’ म्हणून मी ८०,००० रुपये दिले

गेल्या आठवड्यात म्हापशातल्या आमच्या पूल पार्लरमध्ये एका मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "दादा, हा क्यू बघा ना. अमेरिकेत हाताने बनवलेला. एक फॉरेनर परत जाताना विकून गेला म्हणे. नव्वद सांगतोय, पंच्याऐंशीला देईल." क्यू म्हणजे टेबलावर चेंडू मारायच्या पूल, स्नूकर या खेळांतली काठी. फोटो पाहिले आणि छातीत धस्स झालं. क्यू वेगळा होता, पण खालची निळी चादर तीच आणि सोबतचा मजकूरही अक्षरशः तोच. दोन वर्षांपूर्वी हाच मजकूर मला आला होता आणि मी ८०,००० रुपये मोजले होते. या मुलाने हे पैसे दोन वर्षांच्या पगारातून बाजूला टाकलेत. म्हणून आजवर घरीही धड न सांगितलेली गोष्ट इथे सविस्तर लिहितोय.

मी फोंड्याचा. वीसेक वर्षं स्नूकर खेळलो, पूलकडे अलीकडे वळलो. चांगला क्यू आपल्याला ओळखता येतो असं मला मनापासून वाटायचं, आणि त्या वाटण्यानेच घात केला.

मला क्यू विकणारा माणूस मोरजीला भाड्याच्या खोलीत राहायचा. मराठी अस्खलित, वागणं घरच्यासारखं, "भाऊ, आधी चहा घ्या." चामड्याच्या केसमधून त्याने क्यू काढला. काळसर बट, म्हणजे हातात धरायचा मागचा जाड भाग, त्यावर चार लांब पॉइंट, म्हणजे टोकाकडे निमुळते होत गेलेले दुसऱ्या लाकडाचे पट्टे, प्रत्येक पॉइंटला हिरव्या-नारिंगी रेघांची किनार, मधे शंकरपाळीसारखे पांढरे तुकडे. बटच्या तळाशी शाईने केलेली सही, तीही ज्याच्याकडे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबतात अशा एका अमेरिकन कारागिराची. पॉइंटची टोकं किंचित गोलसर होती. ती बघून मी मनात म्हटलं, हे हाताचंच काम.

असं का म्हटलं ते सांगतो, कारण स्नूकरकडून आलेले बरेच जण इथेच अडकतील. स्नूकरच्या क्यूत अ‍ॅशच्या लाकडाच्या दांड्याला रंधा मारून बाजू सपाट करतात, तिथे एबनी या काळ्या लाकडाची पट्टी चिकटवतात आणि सगळं पुन्हा गोल करतात. हाताने केलेल्या या जोडाचं टोक गोलसर उतरतं. मशीनचा जोड सुळक्यासारखा टोकदार दिसतो. पूलच्या क्यूत नेमकं उलटं आहे. तिथे लाकडात व्ही आकाराची खाच पाडतात, तिच्यात दुसऱ्या लाकडाची कड बसवतात आणि मग लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, निमुळतं उतरवत नेतात. खाच संपते तिथे पॉइंट सुईसारखा अणकुचीदार होतो. गोल टोक येतं ते कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने वरवर खळगा कोरून त्यात तुकडा बसवला तर, कारण फिरत्या कटरला टोकदार कोपरा निघत नाही. तसं काम करणारे चांगले कारागीरही आहेत, ते उघड सांगतात आणि त्याची किंमत त्याप्रमाणे लावतात. मला मात्र गोल टोक दाखवून खाचेच्या जोडाचे पैसे घेतले गेले.

हातच्या क्यूला एवढे पैसे का पडतात, हे मला फसल्यावर कळलं. पॉइंटभोवतीची रंगीत किनार म्हणजे खरोखरच्या पातळ लाकडी पट्ट्या असतात, त्यांना व्हिनियर म्हणतात. चार पॉइंट, दर पॉइंटला चार रंग, खाचेच्या दोन्ही भिंती, म्हणजे बत्तीस पट्ट्या. त्या टोकाशी कोनात अशा जुळवायच्या की रंगाला रंग मिळाला पाहिजे. चारांतला एक पॉइंट थोडा आखूड झाला तरी डोळ्याला खुपतो.

त्याहून मोठा खर्च डोळ्यांना दिसतच नाही. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा बारीक भाग, याचं हार्ड मेपल लाकूड एका दमात उतरवत नाहीत. थोडं उतरवायचं, टांगून ठेवायचं, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बघायचं, सरळ राहिलं तर पुन्हा थोडं उतरवायचं, वाकलं तर बाद करायचं. बाद झालेल्या काठ्यांचे पैसेही उरलेल्या क्यूवरच चढतात. त्यामुळे नक्षीचा ठिपकाही नसलेला क्यू नक्षीदार क्यूपेक्षा महाग असू शकतो. शेवटी नाव. अमेरिकेतल्या ब्रुकलिनचा क्यू बनवणारा कारागीर जॉर्ज बालाबुष्का १९७५ साली वारला. त्याच्या कित्येक क्यूंच्या पुढच्या भागाचे जोड दुसऱ्यांनी करून दिलेले होते, तरी संग्राहक आज त्यांना प्रचंड किंमत देतात. अशा नावांमागे नकलाही तेवढ्याच येतात. सही करायला एक पेन पुरतं.

फेब्रुवारीत मी क्यू घेतला. निम्मे पैसे रोख, निम्मे यूपीआयने, पावती नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत शाफ्ट वाकला. मी फोन केला तर म्हणाला, "भाऊ, गोव्याची हवा आहे, लाकूड हलणारच." मलाही ते पटलं. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटाची दारंसुद्धा अडकतात.

आमच्या मावशीच्या शेजारी, कुंकळ्ळीला, एक वयस्क चितारी आहेत. पाट, पाळणे, लाटणी लेथवर उतरवून त्यांवर लाखेचे रंग चढवण्यात त्यांचा जन्म गेला. पूलचा क्यू त्यांनी कधी हातात धरला नव्हता. शाफ्ट सरळ करता येईल का विचारायला मी गेलो होतो. त्यांनी एक डोळा मिटून शाफ्टवरून नजर फिरवली आणि खिडकीपाशी नेऊन लाकडाची रेघ बोटाने दाखवली. चांगल्या शाफ्टमध्ये ही रेघ टोकापर्यंत सरळ जाते. माझ्या शाफ्टमध्ये ती वीतभर जाऊन तिरकी बाहेर पडत होती. "हे नीट न वाळवताच उतरवलंय, बाबा," ते म्हणाले. मग भिंग मागितलं. पॉइंटच्या हिरव्या किनारीत बारीक बारीक रंगीत ठिपके होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. मला विचारून त्यांनी कडेचा लॅकर पटाशीच्या टोकाने हलकेच खरवडला. हिरवी रेघ सालासारखी सुटून आली. खाली एकच साधं, रंग दिलेलं लाकूड. पॉइंट नव्हते, व्हिनियर नव्हते, मशीनने कोरलेला खळगासुद्धा नव्हता. सगळं छापलेलं होतं.

आता विकणाऱ्याने सांगितलेल्या ‘हस्तिदंता’बद्दल. चेंडूला लागणाऱ्या टिपखालची पांढरी टोपी, म्हणजे फेरूल, हस्तिदंताची आहे असं तो हळू आवाजात म्हणाला होता, आणि वर, "कुठे बोलू नका." जुने कारागीर हस्तिदंत वापरत हे खरं आहे. पण वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, देशी हत्तीचाही आणि आफ्रिकन हत्तीचाही. म्हणजे त्याचं बोलणं खरं असतं तर मी गुन्ह्यात सामील होतो. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उलट त्या एका वाक्यामुळे मी चार महिने क्यू कुणा जाणकारापुढे धरला नाही, आणि त्याला तेच हवं होतं. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची बारीक जाळी दिसते. माझं फेरूल भिंगाखाली दुधासारखं कोरं होतं, प्लास्टिक.

घरी येऊन ज्याची सही होती त्या कारागिराला सहा फोटो ईमेलने पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं. क्यू त्याचा नव्हता. बट आणि शाफ्ट जोडणारा जॉइंटचा स्क्रूच त्याच्या पद्धतीचा नव्हता, आणि बनवलेल्या प्रत्येक क्यूची नोंद तो ठेवतो. हे पत्र मी फेब्रुवारीत पाठवलं असतं तर माझा एक रुपया गेला नसता.

मोरजीची खोली तोवर रिकामी झाली होती, फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन चार महिने उलटले होते. तिथे पैसे गेल्या गेल्या फोन करायला हवा. रोख दिलेल्या निम्म्या पैशांचा तर कागदच नव्हता.

म्हापशाच्या मुलाला मी सांगितलं, विकणाऱ्याकडून तीन गोष्टी माग. पॉइंटच्या टोकाचा अगदी जवळून फोटो, जॉइंट उघडून स्क्रूचा समोरून फोटो, आणि बट व शाफ्ट वेगवेगळे टेबलावर लोळवल्याचा व्हिडिओ. कारागिराचं नाव घेऊन त्यालाही लिही. मुलाने माझ्यासमोरच मेसेज टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "फोटो आहेत तेवढेच आहेत. घ्यायचा तर आज सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

मलाही त्याने शेवटी हेच म्हटलं होतं, आणि मी त्याच संध्याकाळी मोरजीला गेलो होतो. मुलाने मोबाईल खिशात टाकला आणि पार्लरचाच क्यू घेऊन तो टेबलाकडे गेला.