क्यूप्रामाइन: बाटली चांगली, पण आधी मीटर घ्या

खाऱ्या टाकीतल्या माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले की ज्या दोन-तीन बाटल्यांची नावं पुढे येतात, त्यांत सीकेम कंपनीची क्यूप्रामाइन असतेच. हे अमाइनशी (नायट्रोजनच्या एका संयुगाशी) बांधलेलं तांबं आहे. साध्या आयनिक, म्हणजे मोकळ्या, तांब्यापेक्षा माशाला सोसायला सोपं, आणि काम झालं की फिल्टरमध्ये ठेवलेल्या कार्बनने (सक्रिय कोळशाने) पाण्यातून काढताही येतं. औषध म्हणून बाटलीत खोट काढण्यासारखं फार नाही. अडचण आहे ती पातळी राखण्याची, आणि ती लेबल वाचून लक्षात येत नाही.

आधी तांबं नेमकं कोणाला मारतं ते पाहू. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली घुसून ३ ते ७ दिवस खातो. तिथे तांबं पोचत नाही. मग तो सुटतो, तळाला जातो, कवच करतो. त्या कवचालाही तांबं भेदत नाही. कवच फुटून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. तांबं मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर घाबरून डोस वाढवू नये. आधी घुसलेलेच मोठे होऊन दिसत असतात.

लेबलचं गणित सरळ आहे. ४० लिटरला १ मिली टाकायचं, ४८ तास थांबायचं, पुन्हा तेवढंच टाकायचं. पहिल्या डोसने तांब्याची पातळी ०.२५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), दुसऱ्याने ०.५. दोन बाय एक फुटाच्या टाकीत ३२ सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ६० लिटर. तिथे दीड आणि दीड मिली. टाकीवर छापलेले लिटर धरू नका, पाण्याची लांबी-रुंदी-उंची मोजा. बाटलीच्या टोपणाने किंवा थेंब मोजून न टाकता केमिस्टकडची १ मिलीची सिरिंज वापरा. नाजूक मासा असेल तर तेच ३ मिली चार दिवसांत पाऊण-पाऊण मिली करून द्यावं.

लेबल १४ दिवस सांगतं. इथे आमचं लेबलशी जमत नाही. बहुतेक कवचं ३ ते २८ दिवसांत कधीही फुटतात. १४ दिवसांनी तांबं काढून मासा त्याच टाकीत ठेवला, तर उशिरा फुटलेलं एकच कवच सगळं पुन्हा सुरू करायला पुरेसं आहे. १४ दिवस चालतात ते त्यानंतर मासा आधी पूर्ण कोरडी करून घेतलेल्या, स्वच्छ, दुसऱ्या टाकीत हलवणार असाल तरच. नाहीतर पूर्ण ३० दिवस, आणि मध्ये पातळी ०.४ च्या खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. हा उपचार वेगळ्या टाकीत करायचा, आणि मुख्य टाकी माशांविना ठेवायची. छंदातला रूढ आकडा ७६ दिवसांचा आहे. अनेकजण इथेच कंटाळतात आणि महिन्याभरात मासे परत सोडतात.

आता मोजमाप. क्यूप्रामाइनचा कामाचा पट्टा ०.४ ते ०.५ एवढाच. हॅना कंपनीचा तांबं मोजणारा हाय रेंज चेकर, एचआय ७०२, हा या कामाचा रूढ मीटर. त्याची अचूकता कंपनीच देते ती अधिक-उणे ०.०५ पीपीएम आणि वर वाचनाच्या ५ टक्के. म्हणजे मीटरवर ०.५० दिसलं तर खरं पाणी ०.४३ ते ०.५७ मध्ये कुठेही असू शकतं. औषधाचा पट्टा मीटरच्या चुकीपेक्षाही अरुंद! याउलट कॉपर पॉवर या औषधासारखं कीलेटेड (धरून ठेवणाऱ्या रेणूत घट्ट बांधलेलं) तांबं २.२५ ते २.५ पीपीएमवर ठेवतात. तिथे त्याच मीटरची चूक ०.१७ च्या आसपास येते आणि तुम्ही पट्ट्याबाहेर गेलात तरी जेमतेमच. पहिल्यांदाच तांबं वापरणाऱ्याने म्हणूनच कीलेटेड घ्यावं असं आमचं मत आहे. वेल्वेट, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम हा दुसरा परजीवी, असेल तर कीलेटेडच घ्यावं, प्रश्नच नाही. अंगावर पिठासारखी बारीक धूळ, भरभर श्वास, मासा उजेड टाळतो किंवा वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड धरून राहतो, आणि दोन-तीन दिवसांत मरतो. क्यूप्रामाइनच्या दोन डोसांमधले ४८ तास तिथे परवडत नाहीत. कीलेटेड तांबं एका दिवसात पूर्ण पातळीला नेता येतं.

रंग जुळवायचे किट या कामाला घेऊ नका. निळ्याच्या दोन छटांमध्ये ०.२५ आणि ०.५ ओळखायला ट्यूबलाइटखाली बसणं म्हणजे नशिबावर हवाला. मीटरवरही हात बसावा लागतो. मीटर शून्यावर आणायला त्याच टाकीचं पाणी घ्या, आरओचं नाही. १० मिलीची खूण डोळ्याच्या रेषेत धरा. कुपीवर बोटांचे ठसे किंवा आत बारीक बुडबुडे राहिले तर आकडा फुगतो. मऊ कापडाने पुसा, कुपी हळू उलटसुलट करा, गदागदा हलवू नका. चाचणीच्या पुडीतली पावडर कोपऱ्यात चिकटून राहते, ती टिचकी मारून पूर्ण रिकामी करा. एकच वाचन विचित्र आलं तर औषध टाकण्याआधी दुसरी चाचणी करा.

महाराष्ट्रात एक सल्ला हमखास मिळतो: एवढी महाग बाटली कशाला, मोरचूद टाका. तत्त्व म्हणून खोटं नाही, कॉपर सल्फेटने मासे बरे झालेले आहेत. पण मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के. मोकळ्या तांब्याची ०.२ पीपीएमची पातळी ६० लिटरला आणायला लागतं सुमारे ४७ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मोजताच येत नाही. शिवाय शेतीचा माल शुद्धतेच्या खात्रीचा नसतो. आणि खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात मोकळं तांबं टिकत नाही, खाली बसत जातं. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला की मोकळं तांबं संपतं, आणि लोखंडी विळा बुडवला तरी त्यावर तांबूस थर चढत नाही. टाकीतली प्रवाळवाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) हा तुमचा चुना. म्हणूनच कुठलंही तांबं वाळू-दगड नसलेल्या, नुसत्या काचेच्या तळाच्या क्वारंटाइन (उपचाराच्या वेगळ्या) टाकीतच वापरायचं: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस. मुख्य टाकीत टाकलंत तर दगड ते शोषतील, पातळी कधीच धरणार नाही, आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतील ते वेगळंच.

सगळ्यात धोकादायक चूक मात्र दुसरीच आहे. क्वारंटाइन टाकी नवी, फिल्टर कच्चा (उपयोगी जिवाणू अजून न बसलेला), त्यात अमोनिया वाढतो. मग सवयीने प्राइम हे पाणी सुधारायचं द्रव टाकलं जातं. प्राइम असो की अँटी-क्लोरीनचे साधे थेंब, क्लोरीन मारणारी ही द्रव्यं क्षपणक (समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी) असतात. ती क्यूप्रामाइनमधल्या तांब्याचं रूप बदलून ते माशाला कितीतरी विषारी करतात. मासा तासाभरात आडवा होतो आणि दोष औषधाला जातो. म्हणून मिठाचं पाणी आरओवर बनवा आणि अमोनियावर उपाय एकच ठेवा, पाणी बदलणं. १५ लिटर नवं पाणी घालणार असाल तर त्यात आधीच पाऊण मिली क्यूप्रामाइन मिसळा, म्हणजे पातळी हलत नाही. बाष्पीभवनाची भरपाई मात्र नुसत्या आरओने करायची. तांबं उडून जात नाही. मे महिन्यात टाकीवर पंखा लावून भरपाई विसरलात तर पाणी घटून पातळी आपोआप चढते. अमाइनमुळे एकूण अमोनिया मोजणाऱ्या किटवर थोडं वाढीव वाचनही येऊ शकतं. मुक्त अमोनिया दाखवणारी सीकेमचीच अमोनिया अलर्ट चकती इथे जास्त उपयोगी. उपचार चालू असताना यूव्ही दिवा, कार्बन, प्युरिजेन (पाणी गाळणारं रेझिन) सगळं बंद.

क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा पांढरट थर सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला हा वेगळा परजीवी. त्यावर तांबं काही करत नाही, फॉर्मलिन लागतं. चपटे कृमीही तांब्याला दाद देत नाहीत. कृमींची शंका असेल तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात ५ मिनिटं बुडवून पाहा. तळाशी पांढरट चकत्या पडल्या तर ते कृमीच, त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक. शार्क आणि रे यांना तांबं अजिबात नाही. मँडरिन, पफर, लायनफिश यांच्या बाबतीत फार जपून. मासा खायचा थांबला तर पातळी आधी मोजा. वर गेली असेल तर पाणी बदलून ०.४ वर आणा, बंद करू नका.

दुकानातल्या टाक्यांमध्येही बऱ्याचदा थोडं तांबं असतं. अर्ध्या मात्रेत परजीवी मरत नाही, दबतो. दुकानात लखलखीत दिसणारा मासा घरी पंधरवड्यात ठिपकेदार होतो तो यामुळे. घेताना तांबं आहे का आणि किती, हे विचारा.

काम झाल्यावर पाणी बदलून कार्बन किंवा क्युप्रिसॉर्ब (तांबं शोषणारं रेझिन) लावलं की क्यूप्रामाइन निघतं, कीलेटेडला जास्त वेळ लागतो. ज्यांचा मीटरवर हात बसला आहे, ते याच कारणासाठी क्यूप्रामाइनकडे परत येतात. वापरलेला स्पंज रीफ (प्रवाळांच्या) टाकीत परत नेऊ नका. मोठी बाटली घेण्यातही अर्थ नाही: ६० लिटरच्या टाकीला पूर्ण पातळीसाठी ३ मिली लागतात, १०० मिलीत पाणी बदलण्यासकट अनेक कोर्स होतात. पहिला आठवडा रोज आणि मग दिवसाआड धरलं तर एका कोर्सला १८-१९ चाचण्या होतात, तेव्हा वाचलेले पैसे हॅनाच्या २५ पुड्यांच्या पाकिटात घाला. पाकिटावरची मुदत पाहूनच घ्या.