कागदी फिल्टर की तेलाचा कॉटन कोन?

मावसभाऊ रत्नागिरीला घरच्या पडवीत किट कार (सुटे भाग आणून घरीच जोडायची गाडी) जोडतोय, इंजिन बसलं आणि आता गाडं अडलंय एअर फिल्टरवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भागावर: डब्यात बसणारा कागदी घेऊ की तेल लावलेला उघडा कॉटनचा कोन, विचारतोय. त्याला माझं उत्तर हे. कॉटन कोनाच्या खोक्यावरचं ‘पॉवर वाढते’ वगैरे सोड रे, साध्या इंजिनात जाणवत पण नाही.

आधी धूळ बघ. आपली जांभ्याची लाल माती पिठासारखी बारीक, ती कागद जास्त चांगली अडवतो. पण कागद भिजला की हवा कोंडते आणि गाडी घाटात धापा टाकते, म्हणून फिल्टरच्या डब्याचं हवा ओढायचं तोंड उंच ठेव, चाकाच्या पाण्यापासून लांब. कॉटन धुवून परत वापरता येतो, पण धुवा, सुकवा, तेल लावा, आणि जुलैत इथे चड्डी सुकत नाही तिथे फिल्टर कुठला सुकतोय! शिवाय तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) असेल तर ही भानगड नाही. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो ते वेगळंच.

पैसे म्हणशील तर कागदी स्वस्त, पण दरवेळी नवा.

रोज चालवायची असेल तर कागदी. डब्याला जागाच नाही, कार्ब्युरेटर आहे आणि रविवारी धूत बसायची हौस आहे, तर कॉटन. तुझा आळस मला माहितीये, कागदीच घे.